बेल्टचे पैसे आणि शिकवण्याचे पैसे

मागच्या महिन्यात सुट्टीतल्या क्लासबद्दल लिहिताना मी कराटेच्या फीचा विषय दोन ओळींत उरकला आणि नेमकी त्यावरच सगळ्यात जास्त पत्रं आली, म्हणून यावेळचं अख्खं सदर त्याच विषयाला दिलंय. मी स्वतः शोतोकान (कराटेची एक शैली) कराटे २७ वर्षं केलं, त्यातली १६ वर्षं शिकवलं, गुडघ्यामुळे क्लास बंद केला त्यालाही आता काही वर्षं झाली. म्हणजे फी भरलीये पण आणि घेतलीये पण. नावं कोणाचीच छापत नाही, गाव तेवढं लिहिते.

डोंबिवलीहून एक आई विचारतात : ताई, आमच्या सोसायटीत क्लब हाऊसमध्ये कराटे क्लास चालतो, मुलगा ८ वर्षांचा आहे, सहा महिने झाले जातोय. फी महिन्याला १२०० रुपये, आठवड्यातून दोन दिवस एक एक तास. दर तीन महिन्यांनी बेल्टची परीक्षा असते तिचे १८०० वेगळे. आता सर म्हणतायत की दोन वर्षांचं ब्लॅक बेल्ट पॅकेज घ्या, ४८,००० रुपयांत सगळं धरून, परीक्षा, कॅम्प, ड्रेस, स्पर्धा, नाहीतर सुटं सुटं भरलं तर खूप जास्त पडेल. मिस्टर म्हणतात घेऊन टाकू. स्टेशनपलीकडे एका शाळेच्या हॉलमध्ये दुसरा क्लास आहे पण तिथे महिन्याची फीच २००० आहे. काय करू?

आधी वही घ्या आणि वर्षाचा हिशोब मांडा, कारण महिन्याच्या फीवरून काहीच कळत नाही. तुम्ही पत्रासोबत पावत्यांचे फोटो पाठवलेत त्यावरून मी मांडलाय. १२०० गुणिले १२ म्हणजे १४,४००. चार परीक्षा ७२००. ड्रेस १५००. दोन स्पर्धा प्रत्येकी १५०० म्हणजे ३०००. मे महिन्यातला कॅम्प ३५००. संघटनेची वार्षिक मेंबरशिप ६००. झाले ३०,२००. आता दिवाळी, गणपती, शाळेच्या परीक्षा, मे महिन्यात गावाला जाणं असे ८ आठवडे वजा केले तर ४४ आठवडे उरतात, आठवड्याला दोन तास म्हणजे वर्षाचे ८८ तास. तासाला साधारण ३४३ रुपये पडले. पलीकडच्या क्लासला आठवड्यात तीन दिवस दीड तास आहे असं तुम्हीच लिहिलंय, परीक्षा वर्षातून दोनदा आणि ८०० रुपये. तिथे २४,००० अधिक १६०० अधिक ड्रेसचे १५००, एकूण २७,१००. तास होतात १९८. म्हणजे तासाला १३७ रुपये. ज्याची महिन्याची फी ऐकून तुम्ही मागे फिरलात तो क्लास निम्म्याहून स्वस्त आहे आणि एकूण रक्कमसुद्धा तिथे कमीच जातेय.

पण माझ्या मते तासाच्या दरापेक्षाही महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. तुमच्या सोसायटीत एका वेळी ३८ मुलं आणि एकच सर. हजेरी, रांगा लावणं, वॉर्मअप यात २० मिनिटं गेली, राहिली ४०, म्हणजे एका मुलाच्या वाट्याला सरांचं जेमतेम एक मिनिट. दुसरीकडे १४ मुलं आहेत, ९० मिनिटांतली २० वॉर्मअपची सोडा, तरी प्रत्येकाला पाच मिनिटं येतात. कराटे गटातच शिकायचं असतं, एकच पंच शंभर वेळा सगळ्यांबरोबर मारण्यातून अंगात बसतो, हे सगळं खरंय, पण चुकीचा पंच शंभर वेळा मारला की तो चुकीचाच बसतो आणि नंतर काढायला वर्ष जातं. माझ्याकडे दुसरीकडून ब्राऊन बेल्ट घेऊन आलेली मुलं असायची, पुढचा पाय वाकवून उभं राहताना गुडघा आत पडलेला, मागे ओढायचा हात कमरेला न येता हवेत लोंबकळतोय, आणि त्यांना कोणी कधी सांगितलेलंच नसायचं. त्या मुलांचा चेहरा मला अजून आठवतो. चार वर्षं मनापासून केलेलं असतं हो त्यांनी.

तर एक काम करा, दोन्ही ठिकाणी एक एक दिवस पूर्ण वेळ बसा, मोबाईल बॅगेत ठेवा आणि फक्त तुमच्या मुलाकडे बघा (दुसऱ्या क्लासला ट्रायलला पाठवा, बहुतेक सर एक दिवस येऊ देतात). सर किंवा असिस्टंट किती वेळा त्याच्याजवळ आले, नावाने हाक मारली का, पाय हाताने धरून नीट लावून दिला का की नुसतं लांबून ओरडले. आणि शेवटच्या रांगेतल्या कोपऱ्यातल्या मुलाकडे पण बघा, ते जर भिंतीला टेकून उभं असेल आणि कोणाचं लक्षच नसेल तर तिथे पैसे देऊ नका, कारण उद्या त्या कोपऱ्यात तुमचं मूल असेल. पालकांना बसू देत नाहीत, दार बंद करून घेतात असा क्लास तर फुकट असला तरी नको. मुलांच्या सुरक्षिततेबद्दल कधी शंका आली तर १०९८ हा नंबर लक्षात असू द्या.

आता पॅकेज. तुम्हाला दोन वर्षांचे सुटे ६०,४०० आणि पॅकेज ४८,००० म्हणजे १२,४०० वाचले असं वाटतंय. आठ वर्षांचं मूल दोन वर्षं टिकेल का हे तुम्हाला आज माहीत नाही, ते पुढच्या वर्षी फुटबॉल म्हणेल, तुमची बदली होईल. मधेच सोडलं तर किती परत मिळणार हे लेखी विचारा. बहुतेक वेळा उत्तर येत नाही. पण मला याहून जास्त त्रास होतो तो तारीख आधी ठरवून दिलेल्या ब्लॅक बेल्टचा. जी परीक्षा पास होणार हे पैसे भरतानाच ठरलंय ती परीक्षा कसली? सरांना एकच विचारा, गेल्या वर्षभरात तुमच्याकडे ग्रेडिंगला किती मुलं नापास झाली? एकही नाही असं उत्तर आलं तर समजा की १८०० रुपये बेल्टच्या रंगाचे आहेत. तो कापडी पट्टा स्पोर्ट्सच्या दुकानात शंभर-दोनशे रुपयांत मिळतो.

थोडा इतिहास सांगते कारण त्याने डोकं जागेवर येतं. बेल्टची पद्धत मुळात कराटेची नाहीच, ती ज्युडोतून आली. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्योत कोडोकान ही ज्युडोची शाळा सुरू केली आणि डॅनची श्रेणी, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या पायऱ्या, त्यांनीच आणली, तेव्हा दोनच रंग होते, पांढरा आणि काळा. ओकिनावाहून जपानात आलेल्या गिचिन फुनाकोशींनी १९२४ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांना पहिल्यांदा डॅन दिले. मधले पिवळे, नारिंगी, हिरवे पट्टे नंतर युरोपात ज्युडो शिकवताना रुळले, नवशिक्याला पुढे जातोय असं वाटावं म्हणून, आणि लहान मुलांसाठी ते चांगलंच आहे, मी त्याच्या विरुद्ध नाही. पण पहिल्या ब्लॅक बेल्टला जपानीत शोदान म्हणतात आणि त्यातला 'शो' म्हणजे सुरुवात. आपल्याकडे ब्लॅक बेल्ट झाला की मूल क्लास सोडतं, आईवडील हॉलमध्ये फोटो लावतात आणि ड्रेस माळ्यावर जातो. नियमित आठवड्याला तीन दिवस करणाऱ्या मोठ्या माणसालाही तिथवर पोचायला तीन ते पाच वर्षं सहज लागतात.

मी स्वतः ब्राऊन बेल्टच्या परीक्षेत नापास झाले होते. दादरला म्युनिसिपालिटीच्या शाळेच्या हॉलमध्ये आमचा क्लास, सरांची फी तेव्हा महिन्याला ३० रुपये. काता, म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचाली, अर्ध्यात विसरले आणि सरांनी सगळ्यांसमोर शांतपणे सांगितलं, तीन महिन्यांनी परत ये. घरी येऊन रडले. वडिलांनी विचारलं परीक्षेची फी परत मिळणार का, मी म्हटलं नाही, तर ते म्हणाले मग पुढच्या वेळी नीट करून ये, आणि दुसऱ्यांदा पैसे दिले. त्यांची मिलमधली नोकरी होती, ते पैसे त्यांना जड होते हे मला पुढे कळलं. माझ्या सगळ्या बेल्टमध्ये तोच एक मी कपाटात वरच्या कप्प्यात ठेवलाय.

तुम्हाला माझं सांगणं, पॅकेज घेऊ नका, दुसऱ्या क्लासला तीन महिने घालून बघा.

कागल तालुक्यातून एक वडील विचारतात : ताई नमस्कार. आमचं पोरगं १३ वर्षांचं, कुस्तीचं लई वेड, कोल्हापुरात तालमीत राहायचं म्हणतंय. वस्ताद चांगले आहेत, तालमीची फी नावापुरती, पण खोली आणि खुराक धरून महिन्याला १४,००० तरी जाणार. शेतीवर हे भागवायचं म्हणजे ओढाताण. एकजण म्हणतात पुण्याकडं अकॅडमी आहे, मॅट आहे, कोच आहे, पण २०,००० घेतात. तुम्ही कराटेवाल्या, तरी सांगा.

दादा, मी कराटेवाली हे खरं, पण कुस्तीकडे कायम आदरानेच बघत आले, कारण शिकवण्याचे पैसे न घेता शिकवायची जी रीत तालमीत अजून शिल्लक आहे ती आमच्याकडे आली नाही. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींतून जे मल्ल तयार झाले त्यांच्या वस्तादांनी तासाचा दर लावला असता तर कोणालाच परवडलं नसतं. तुमचा सगळा खर्च दुधात, तुपात, बदामात, थंडाईत आणि मटणात जाणार आहे, म्हणजे तो पोराच्या अंगात जाणार आहे, हे आधी मनाशी धरा. त्यामुळे वस्ताद किती घेतात हा तुमचा प्रश्नच नाही.

तुम्ही बघायचं ते वेगळं. एक, त्या तालमीत पोराच्या वजनाची आणि वयाची किती पोरं आहेत? कुस्तीत खरा मास्तर जोड असतो. रोज लढायला चांगला जोड नसेल, सगळी एकतर २० किलो जड नाहीतर दहा वर्षांनी मोठी, तर पोरगं नुसता मार खाईल नाहीतर नुसतं जोर-बैठका काढत बसेल. आठ-दहा पोरं त्याच्या जवळपासची असतील तर ती तालीम १४,००० ला महाग नाही. दुसरं, मातीबरोबर मॅटचा सराव आहे का. महाराष्ट्र केसरीला माती आणि गादी (म्हणजे मॅट) असे दोन विभाग आहेत पण राष्ट्रीय स्पर्धा, ऑलिंपिक हे सगळं मॅटवरच, आणि मातीतला पाय मॅटवर वेगळा पडतो. कोल्हापुरातच बऱ्याच ठिकाणी दोन्ही होतं, आधी चौकशी करा, मगच पुण्याचं बघा. तिसरं, शाळा. १३ व्या वर्षी पोराचं नाव कुठल्या शाळेत आहे आणि ते तिथे खरंच जातंय का हे दर महिन्याला जाऊन बघायला लागेल, कारण पहाटे ४ ला उठून लढत केलेलं पोरगं वर्गात झोपतं, आणि गुडघा किंवा खांदा एकदा गेला की मग हातात काय उरतं ते शाळाच ठरवते. हे मी भीती घालायला लिहीत नाहीये, माझ्या गुडघ्याकडे बघून लिहितेय.

आणि एक गोष्ट कडक शब्दांत. कोणी पावडर दिली, इंजेक्शन घे म्हणाला, लवकर अंग भरेल म्हणाला, तर त्या दिवशी पोराला घरी आणा. भले वस्ताद किती नावाजलेले असोत.

ओढाताणीबद्दल लिहिलंत म्हणून सांगते. खाशाबा जाधव १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला गेले तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले होते, बाकी वर्गणी गावागावातून जमली. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक असं आलं. पोराचा खुराक एकट्या बापाने उचलायचा ही रीत कोल्हापूर भागात कधीच नव्हती, गावातल्या चार जाणत्या माणसांशी, दूध संस्थेशी, भावकीशी बोला, मागायला लाजू नका. मात्र पहिले सहा महिने तुमच्या खर्चाने पाठवा आणि वस्तादांना विचारा की पोरात खरंच काय दिसतंय. चांगला वस्ताद खरं सांगतो, त्याला फीचा लोभ नसतो ना, तिथे हा एक फार मोठा फायदा आहे.

नागपूरहून एक वडील विचारतात : मुलगी दहावीला आहे, तायक्वांदोत रेड बेल्ट. सर म्हणतात 'इंटरनॅशनल ओपन चॅम्पियनशिप'ला ६५०० भरा, सर्टिफिकेट मिळेल आणि बोर्डात वाढीव गुण मिळतील. खरं का?

पैसे भरायच्या आधी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या ऑफिसात जा आणि स्पर्धेचं नाव, आयोजकाचं नाव दाखवून सरळ विचारा की याचे गुण मिळतात का. दहावी-बारावीचे क्रीडा गुण शासनाच्या शालेय स्पर्धा आणि मान्यताप्राप्त संघटनांच्या ठराविक स्तरावरच्या स्पर्धांना मिळतात, प्रस्ताव शाळेमार्फत जातो. मंगल कार्यालयात भरलेल्या खासगी स्पर्धेच्या नावात इंटरनॅशनल लिहिलं म्हणून ती त्यात बसत नाही. माझ्या भाचीसाठी आम्ही असेच पैसे भरले होते एकदा, एका गटात तीन मुली, तिघींनाही मेडल, आणि सर्टिफिकेट शाळेने परत दिलं. पोरगी आठवडाभर बोलली नाही कोणाशी.

तायक्वांदोत एक सोय बरी आहे. ब्लॅक बेल्टचं जगभर चालणारं सर्टिफिकेट कोरियातल्या सोलच्या कुक्कीवोन या तायक्वांदोच्या मुख्य संस्थेचं असतं, ते आलं आहे का हे तपासता येतं, आणि १५ वर्षांखालच्या मुलांना तिथे डॅनऐवजी पूम, म्हणजे मुलांचा ब्लॅक बेल्ट, मिळतो. मुलगी पुढे ब्लॅक बेल्टला बसेल तेव्हा परीक्षेच्या फीमध्ये कुक्कीवोनचं सर्टिफिकेट धरलंय की नुसतं क्लासचं, हे आधी विचारून घ्या. दोन्हीच्या किमतीत बराच फरक असायला हवा.

पुण्याहून एक वाचक, आयटीत नोकरी : ऑफिसजवळ दोन दिवसांचं सेल्फ डिफेन्स वर्कशॉप आहे, २५०० रुपये, ६० जणींची बॅच. जाऊ का?

दोन दिवसांत ६० जणींमध्ये डाव येत नाहीत, कोणालाच नाही, मी २७ वर्षांनीही असं म्हणते. अशा ठिकाणी शिकण्यासारखं असतं ते म्हणजे मोठ्याने ओरडायचं, अंतर ठेवायचं, मनगट सोडवून पळायचं आणि ११२ लावायचा, आणि हे खरंच उपयोगाचं आहे पण त्याला दोन तास पुरतात आणि बऱ्याचदा पोलीस स्टेशन किंवा कॉलेजच्या कार्यक्रमात ते फुकट शिकवतात. जर तिथे तुमच्या समोरची बाई तुम्ही हात धरल्यावर लगेच सोडून देत असेल तर तो नाच झाला. समोरच्याने खरंच धरून ठेवलं पाहिजे, खरंच ढकललं पाहिजे, तेव्हाच अंगाला कळतं. म्हणून तेच २५०० रुपये मी ज्युडो किंवा बॉक्सिंगच्या साध्या क्लासमध्ये महिना-दोन महिन्यांच्या फीला घालेन, ज्युडोत पहिल्या महिन्यात पडायला शिकवतात आणि नुसतं नीट पडता आलं तरी पावसात जिन्यावरून घसरल्यावर मनगट वाचतं. ऑफिस पैसे भरत असेल तर मात्र खुशाल जा, मैत्रिणीला घेऊन जा.

नाशिकहून एक शिक्षक : ताई ओस (आमचा कराटेवाल्यांचा नमस्कार). मी २६ वर्षांचा, सेकंड डॅन, दोन वर्षं क्लास घेतोय. २० मुलं आहेत, १००० रुपये घेतो, आठवड्यात तीन दिवस दीड तास. पालक सतत घासाघीस करतात, दोन भावंडं आली की एकाची अर्धी फी म्हणतात, मे महिन्याची फी देत नाहीत. हॉलचं भाडं ६००० आहे. बाकीचे क्लासवाले म्हणतात फी कमी ठेव आणि परीक्षेतून काढ. मला ते पटत नाही पण भागत पण नाही. किती घेऊ?

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. वर त्या डोंबिवलीच्या ताईंना मी जे सांगितलं ते वाचून पालक आता तुझ्यासारख्याकडेच जास्त प्रश्न घेऊन येतील, म्हणून तुझ्या बाजूचंही तितकंच नीट लिहायला पाहिजे.

२०,००० येतात असं कागदावर, त्यातले दोघं-तिघं दर महिन्याला बुडवतात म्हणजे १७-१८ धर. भाडं ६०००. पॅड, मॅट, फर्स्ट एडचं सामान, पेट्रोल याचे ३००० तरी. तुझ्या हातात ८-९ हजार. क्लासचे महिन्याचे १८ तास दिसतात, पण हॉल उघडून झाडण्यापासून शेवटच्या मुलाला न्यायला कोणी येईपर्यंत थांबण्यापर्यंत धरलं, आणि तुझा स्वतःचा सराव, तुझ्या सरांकडे जाणं धरलं, तर ६० तासांच्या खाली येत नाही. म्हणजे तुला तासाला दीडशेच्या आत मिळतात. एवढ्यात कोणीही चांगला शिक्षक पाच वर्षं टिकत नाही, तो एकतर सोडतो नाहीतर बेल्ट विकायला लागतो. पालकांनी घासाघीस करताना हे समजून घ्यायला हवं की चांगल्या सरांची फी पाडली की तो सर जातो आणि त्याच्या जागी पॅकेजवाला येतो.

तर फी १४०० कर आणि त्यातच सगळं धर. वर्षाचे दोन ग्रेडिंग त्याच फीमध्ये, सर्टिफिकेटचा आणि बेल्टचा जो खरा खर्च येतो तेवढाच वेगळा आणि तो कागदावर लिहून दे, संघटनेला किती जातात, परीक्षकांना किती, तुला किती. चार पालक जातील, जाऊ दे. मुलं २४ च्या वर घेऊ नकोस, त्याच्या वर गेलास तर आधी असिस्टंट ठेव. फी तीन महिन्यांची एकदम घे, पावती दे, आणि आजारपण किंवा गाव बदललं तर उरलेल्या महिन्यांचे पैसे परत देईन असं पावतीवरच छाप, ही एक ओळ तुला किती पालक आणून देईल बघ. मे महिन्यात क्लास चालू ठेवणार असशील तरच मे ची फी माग. भावंडांना सवलत द्यायची तर थोडी दे, अर्धी नको, कारण तुझे डोळे अर्धे होत नाहीत.

आणि दोन जागा अशा मुलांसाठी ठेव ज्यांना अजिबात परवडत नाही. ते कोण हे वर्गात कोणालाही कळता कामा नये, त्यांनाही तोच ड्रेस, तीच रांग, आणि चुकलं की तेच नापास. माझ्या सरांनी वडिलांची मिल बंद पडली ती दोन वर्षं माझ्याकडून फी घेतली नाही आणि हे मला त्यांच्या शोकसभेत दुसऱ्या कोणीतरी सांगितल्यावर कळलं.

नापास करायला घाबरू नकोस. पहिल्या वेळी पालक भांडायला येतील तेव्हा मुलाला समोर उभं करून नेमकं कुठे कमी पडलं ते करून दाखव, रागावून नाही. दुसऱ्यांदा फी घेऊ नको, नापास झालेल्याला पुढची संधी त्याच पैशात, म्हणजे मग तू पैशासाठी नापास केलंस असं कोणाला म्हणता येणार नाही.

साताऱ्याहून, वय ११ वर्षं : ताई, मी ग्रीन बेल्ट आहे. आई म्हणते आता पुढच्या परीक्षेला पैसे नाहीत. सगळे माझ्या पुढे जाणार. मी कराटे सोडू का?

नको सोडूस. उद्या क्लास संपल्यावर सरांकडे जा, ओस म्हण आणि सांग, सर मी यावेळी परीक्षा देणार नाही पण मी रोज येणार आणि पुढचा काता पण शिकणार. बेल्ट हिरवा असला तरी पुढचा काता शिकता येतो, तसा कुठलाही नियम नाहीये. आपल्याला येणारा काता रोज घरी पाच वेळा करायचा, आरसा असेल तर आरशासमोर, आणि मागे जाणारी मूठ दर वेळी कमरेला लागतेय का ते बघायचं, ह्या एका गोष्टीत भले भले ब्राऊन बेल्ट चुकतात. सर हो म्हणाले तर ते चांगले सर आहेत. नाही म्हणाले तर मला लगेच परत लिही आणि तुझ्या घराजवळच्या शाळेचं नाव कळव, साताऱ्यात माझ्याबरोबर शिकलेल्या दोघीजणी शिकवतात, मी त्यांच्याशी बोलते.